उथळ पाण्यातला लांब मुक्काम



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी या तालुक्यातल्या दोन पिढ्यांना पदार्थविज्ञान शिकवलं. तेव्हा बोलायचं तर दाबाबद्दल बोलावं, आणि समुद्राकाठी बोलायचं तर पाण्याच्या दाबाबद्दल, असं मी ठरवलं. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "डॉक्टर, तो पाणबुड्यांचा आजार खोल समुद्रातला ना? आपल्याकडे तीस फुटांच्या खाली जातंय कोण?" आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

तीस फूट म्हणजे साधारण नऊ मीटर. पाणी नितळ असेल तर तिथून होडीचा तळ दिसतो, वरून वाकून बघणारा माणूससुद्धा दिसतो. पट्टीचा पोहणारा तिथून एका दमात वर येतो. तासभर बुडी मारणाऱ्यानं तिथं या आजाराला भ्यावं असं काही नाहीच, हे आधीच सांगून टाकतो; उगाच घाबरवायला मी आलेलो नाही. पण त्याच नऊ मीटरवर माणूस सकाळी उतरला आणि दुपार टळल्यावर वर आला, तर गोष्ट वेगळी होते. पुन्हा दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच, म्हणजे आणखी वेगळी.

आधी थोडं पदार्थविज्ञान. समुद्रसपाटीला आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला तेवढाच दाब आणखी चढतो. दहा मीटरवर माणूस दोन वातावरणांच्या दाबाखाली असतो आणि त्याला श्वासाची हवाही त्याच दाबाची मिळावी लागते, नाहीतर छाती फुगणारच नाही. या हवेत पाचातले जवळजवळ चार भाग नायट्रोजन. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं. नायट्रोजनचा त्याला उपयोग नाही, तो नुसता रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळून साचत राहतो. दाब दुप्पट, तर साचण्याची मर्यादाही दुप्पट. माणूस वर आला की दाब उतरतो आणि साचलेला वायू बाहेर निघू पाहतो. रक्तातून फुप्फुसांत आणि तिथून श्वासावाटे गेला तर कुणाला कळतही नाही. घाई झाली तर जागच्या जागी बुडबुडे धरतात : सांध्यांभोवती, शिरांमध्ये, कातडीखाली, आणि दैव फिरलं तर मज्जारज्जूत. नायट्रोजनच हे सगळं करतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखवून दिलं. या आजाराला डीकॉम्प्रेशन सिकनेस म्हणतात. बंदरावरची माणसं नुसतं 'बेंड्स' म्हणतात.

आता खरी मेख. सगळ्या ऊती सारख्या वेगानं भरत नाहीत. मूग काही तासांत भिजतात, काबुली चण्यांना रात्र लागते. ज्या भागांत रक्त भरपूर फिरतं ते भाग, म्हणजे मेंदू आणि मूत्रपिंडं, काही मिनिटांत भरतात. चरबी, सांध्याभोवतीचे स्नायुबंध, हाडांची टोकं यांना तास न् तास लागतात. एखादी ऊती निम्मी भरायला जितका वेळ लागतो त्याला तिचा अर्धकाल म्हणतात. ४० मिनिटं अर्धकाल असलेली ऊती दोन तास चाळीस मिनिटांत ९४ टक्के भरते. २४० मिनिटांची ऊती पाऊण तासाच्या बुडीत जेमतेम १२ टक्के भरते, पण सहा तास खाली राहिलात तर ६५ टक्के. आणि जी सावकाश भरते ती रिकामीही सावकाशच होते. झुरिकच्या ब्यूलमान यांच्या गणितात, जे आज मनगटावरच्या बऱ्याच डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये असतं, सर्वात मंद ऊतीचा अर्धकाल ६३५ मिनिटं आहे, म्हणजे साडेदहा तास. सहा तासांच्या कामात ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरते. दुपार टळल्यावर वर आलेला माणूस जेवतो, झोपतो, सकाळी पुन्हा उतरतो, तोपर्यंत अठरा तास गेलेले असतात, तरी आदल्या दिवशी साचलेल्यातला तीस टक्के वायू अजून त्याच्या अंगात असतो. रोजच्या कामात ही शिल्लक पुढे ओढली जाते.

थोडक्यात, खोल पण थोडक्या वेळाच्या बुडीत झटपट भरणाऱ्या ऊती आजार ठरवतात. उथळ पण दिवसभराच्या बुडीत त्यांचा प्रश्नच येत नाही. तिथं सगळा हिशेब मंद ऊतींचा, म्हणजे सांध्यांचा आणि हाडांचा.

मग हौशी पाणबुड्यांना उथळ पाण्यात हा आजार फारसा का होत नाही? त्यांच्या पाठीवर साधारण अकरा लिटरचा सिलिंडर असतो. त्यात २०० बार दाबानं हवा भरलेली, म्हणजे मोकळी सोडली तर २२०० लिटर. निवांत पोहणारा माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. भागाकार करा, ५५ मिनिटं येतात. परतीसाठी थोडी हवा राखायची म्हणजे त्याहूनही कमी. हौशी पाणबुड्यांना शिकवताना पाडी या संस्थेचा जो तक्ता वापरतात त्यात दहा मीटरसाठी मर्यादा २१९ मिनिटांची आहे. म्हणजे मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यालाच सिलिंडर रिकामा होतो आणि माणसाला वर यावंच लागतं. तक्ता न वाचलेला माणूसही सुखरूप वर येतो तो या सिलिंडरमुळे. शहाणपणाचं श्रेय आपण शिक्षणाला देतो. निम्मं तरी ते पत्र्याच्या त्या नळकांड्याला द्यायला हवं.

हवा कधी संपतच नसेल तर? वर होडीत किंवा बार्जवर कॉम्प्रेसर धडधडतोय, त्यातून लांब नळी खाली आली आहे, नळीच्या टोकाशी मुखपट्टी. याला हुक्का डायव्हिंग म्हणतात. कॉम्प्रेसरमध्ये डिझेल आहे तोवर हवा आहे. थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावरचे उराक लावोय मच्छीमार असेच बुडतात. गॅलापागोसमध्ये १९९० नंतर समुद्रकाकडीचा बाजार तेजीत आला तेव्हा तिथंही याच नळ्या पाण्यात उतरल्या. वर बसलेल्या पोरानं कॉम्प्रेसरचा धूर नळीच्या तोंडाकडे वाहतोय का हे बघितलं नाही तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळाच धोका, पण तो आजचा विषय नाही. आजचा मुद्दा एवढाच की नळीवर काम करणाऱ्याला वेळ थांबवत नाही. त्याला थांबवतात ते भूक, थंडी आणि मुकादम.

उथळ पाणी सुरक्षित ही समजूत आली कुठून? ती अडाण्यांची नाही. ती या शास्त्राच्या पायातच बसवलेली होती, आणि बसवणारा माणूस मोठा होता.

जॉन स्कॉट हाल्डेन. आपल्याला त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन जास्त ठाऊक. ते १९५७ साली कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. वडिलांना ब्रिटिश नौदलानं काम दिलं होतं : पाणबुड्यांना सुरक्षित वर आणायचं कसं ते सांगा. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एक मोठा पोलादी कक्ष होता. त्यात बकऱ्या भरायच्या, दाब चढवायचा, ठरलेला वेळ ठेवायच्या आणि दाब उतरवायचा. आता बकरीचा सांधा दुखतोय हे कळणार कसं? दुखऱ्या बाजूचा पुढचा पाय ती उचलून धरते, जमिनीला टेकवतच नाही. कक्षाचं दार उघडल्यावर कुठली बकरी पाय उचलतेय हे बघत आणि टिपत हाल्डेन आणि त्यांचे सहकारी बॉयकॉट आणि डॅमंट यांनी आपलं शास्त्र उभं केलं. मग १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खऱ्या पाण्यात चाचण्या झाल्या. डॅमंट स्वतः २१० फुटांपर्यंत उतरला. हाल्डेननं आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही एकदा सूट चढवून खाली सोडलं. सूट मोठ्या माणसाचा, त्यात पाणी शिरत गेलं. असा बाप आज चाइल्डलाइनवाल्यांच्या तावडीतून सुटला नसता.

१९०८ साली निबंध छापून आला. त्यातला गाभा सोपा होता. दाब निम्म्यावर आणला तरी चालतं : चार वातावरणांवरून दोनवर या, थांबा, मग पुढे. वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबण्याची आजची पद्धत याच निबंधातून आली आणि तिनं हजारो माणसं वाचवली. पण याच नियमाला एक शेपूट होतं. दोनाचं एक करता येतं, तर दहा मीटरवरून थेट वर यायला हरकत नाही. अनुभव बघता साडेबारा मीटरपर्यंतही नाही. आणि तिथं किती वेळ घालवला याला महत्त्व नाही.

या शेवटच्या वाक्यात घोटाळा आहे. हाल्डेननं शरीराच्या पाच ऊती कल्पिल्या होत्या, त्यांत सर्वात मंद ऊतीचा अर्धकाल ७५ मिनिटं. त्याच्या चौपट वेळ, म्हणजे पाच तास, झाले की माणूस जवळजवळ पूर्ण भरला असं त्यानं धरलं. बकरी माणसापेक्षा लहान, ती लवकर भरते, आणि तिचे प्रयोग काही तासांचे. दहा-बारा तास लागणाऱ्या ऊती त्या कक्षात उघड्या पडण्याचं कारणच नव्हतं. नौदलालाही त्यांची गरज नव्हती. नौदलाचा पाणबुड्या खोल उतरतो, जहाजाला अडकलेली साखळी सोडवतो आणि वर येतो. दिवसभर दहा मीटरवर बसून तो काय करणार? ज्यांना दिवसभर बसायचं होतं ते नौदलाचे नव्हते, आणि त्यांच्यासाठी तक्ते कुणी मागितलेच नव्हते.

पुढे एकेक पुरावा येत गेला. सप्टेंबर १९६२ मध्ये जाक कूस्तोनं मार्सेयजवळ समुद्रात एक पोलादी पिंप दहा मीटर खोलीवर बसवलं, त्याला नाव दिलं डायोजिनीस, आणि आल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली या दोघांना त्यात आठवडाभर राहायला पाठवलं. माणसानं समुद्राखाली घर करण्याचा हा पहिला गाजलेला प्रयोग. हाल्डेनच्या नियमानुसार त्यांना शेवटच्या दिवशी पिंपाच्या खालच्या भोकातून निघून सरळ वर येता आलं असतं. तसं कुणी केलं नाही. निघण्याआधी त्यांना ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा श्वासावाटे दिली, म्हणजे अंगातला नायट्रोजन धुऊन निघावा. आठवडाभर भरलेल्या शरीरावर त्या नियमाचा भरवसा टाकायला डॉक्टर तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं.

आज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ अ‍ॅक्वेरियस नावाचं संशोधनघर समुद्रतळावर आहे. राहण्याच्या जागेतला दाब अडीच वातावरणांच्या आसपास. २००२ साली सुनीता विल्यम्स नासाच्या मोहिमेत तिथं नऊ दिवस राहून आल्या. या घरातून निघायची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी सगळ्यांना मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन. मग घराचं दार बंद करून आतला दाब हळूहळू उतरवायचा, सोळा-सतरा तास, थेट समुद्रसपाटीइतका होईपर्यंत. म्हणजे माणूस अजून समुद्राच्या तळाशीच आहे, पण त्याच्या अंगाला वाटतंय आपण वर पोचलो. मग घरात पुन्हा दाब भरायचा, दार उघडायचं आणि नव्यानं काही साचायच्या आत पोहत वर यायचं. पंधरा मीटरचं अंतर, दोन मिनिटांचं पोहणं, आणि त्याची तयारी सतरा तासांची.

अ‍ॅक्वेरियस तरी पंधरा मीटरवर; पण हा आजार किती उथळ पाण्यापर्यंत येतो? १९८० च्या दशकात अमेरिकेत ग्रोटन इथल्या नौदलाच्या प्रयोगशाळेत एकेनहॉफ आणि सहकाऱ्यांनी याचा तळ शोधायचा प्रयत्न केला. तरुण स्वयंसेवकांना कक्षात ४८ तास थोड्याच वाढीव दाबाखाली ठेवायचं, थेट बाहेर काढायचं आणि छातीवर डॉप्लर यंत्र ठेवून हृदयाकडे जाणाऱ्या रक्तातले बुडबुडे ऐकायचे. पाण्याच्या नऊ मीटरइतक्या दाबाखाली ठेवलेल्यांपैकी काहींना आजाराची लक्षणं दिसली. पुढच्या, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातला आकडा मात्र मला आजही थक्क करतो : जेमतेम साडेतीन मीटरइतक्या दाबाखाली शरीर पूर्ण भरू दिलं, तर वर आल्यावर निम्म्या माणसांच्या रक्तात बुडबुडे होतील. साडेतीन मीटर! पोहण्याच्या तलावाचा खोल कोपरा.

इथं थोडं थांबतो, कारण हे वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्यात जाऊ शकतं. बुडबुडे होणं म्हणजे आजार होणं नव्हे. शिरांतले बुडबुडे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि मुकाट विरतात. माणसाला पत्ता लागत नाही. चारांपैकी एका माणसाच्या हृदयात डाव्या-उजव्या कप्प्यांमधली जन्मापूर्वीची वाट पुरती बुजलेली नसते, तिथून एखादा बुडबुडा चुकून धमन्यांकडे गेला तर पंचाईत होते. पण बहुतेक वेळा फुप्फुसं आपलं काम करतात. आणखी एक घोळ होतो तोही निस्तरतो. श्वास रोखून घाईनं वर येणाऱ्याची फुप्फुसं दीड मीटरवरूनही फाटू शकतात. तो अपघात वेगळा, तिथं वेळेचा संबंध नाही, एक मिनिट खाली असलात तरी तो होतो. पाण्याखाली श्वास रोखू नका, हे पहिल्याच दिवशी शिकवतात ते त्यासाठी.

तक्ते बदलले, पण सावकाश. अमेरिकी नौदलाच्या १९५० च्या दशकातल्या तक्त्यात ३० फुटांवर वेळेला मर्यादाच नव्हती. ३५ फुटांवर ३१० मिनिटं, ४० फुटांवर २०० मिनिटं. पन्नास वर्षं हेच आकडे जगभर पाठ केले गेले. नव्या तक्त्यात ३० फुटांना ३७१ मिनिटं, ३५ ला २३२, ४० ला १६३. ६० फुटांचा आकडा मात्र पूर्वीच्या ६० मिनिटांवरून उलट ६३ झाला. आकडे कुठं घसरले ते बघा : उथळ बाजूला. २० फुटांना, म्हणजे सहा मीटरला, नौदल आजही मर्यादा लावत नाही.

जमिनीवरच्या लोकांना हे आधीच भोवलं होतं. नदीखालच्या बोगद्यात पाणी शिरू नये म्हणून दाबाची हवा भरतात आणि कामगार त्या दाबात पाळीभर खणतात. त्यांचं सगळं आयुष्यच उथळ आणि लांब. ग्लासगोला क्लाइड नदीखालचा बोगदा १९५८ ते १९६३ या काळात खणला गेला. नंतर त्या कामगारांच्या हाडांचे एक्स-रे काढले तेव्हा सुमारे एकपंचमांश जणांच्या हाडांत मेलेले भाग सापडले. कित्येकांना तोवर काही दुखतही नव्हतं.

हाड मरतं ही माझ्या कामातली गोष्ट, म्हणून इथं जरा रेंगाळतो. खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यात हाडाचा जो गोळा असतो त्याचा रक्तपुरवठा बेताचा, आत चरबी भरपूर. मंद भरणारी, मंद सुटणारी जागा. तिथं पुन्हा पुन्हा बुडबुडे धरले की हाडाचा तेवढा तुकडा निकामी होतो. वर्ष, दोन वर्षं तो वजन पेलत राहतो. मग एक दिवस गोळ्याचा पृष्ठभाग खचतो आणि सांधा संपतो. पुढे सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया, तीही पैसे असतील तर.

काही वर्षांपूर्वी तिशीतला एक तरुण माझ्याकडे आला. डावा हात डोक्यावर जात नव्हता. हातात फायली, त्यांत तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या : फ्रोझन शोल्डर, गोळ्या, शेक, व्यायाम. काम काय करतोस विचारलं. "बंदरात. जहाजं साफ करतो." जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, जहाज जड चालतं, डिझेल जास्त पितं, मग गोदीत न नेता पाण्यातच तळ खरवडून घेतात. "किती खोल जातोस?" "खोल कुठलं डॉक्टर, जहाजाच्या पोटाखालीच तर असतो." "आणि किती वेळ?" त्यानं जरा विचार केला. "जेवायला वर येतो."

भरलेल्या मोठ्या जहाजाचं पोट पाण्याखाली नऊ-दहा मीटर सहज असतं. खाली हात डोक्यावर धरून खरवडायचं, अंग तापतं, रक्त जोरात फिरतं, नायट्रोजन भराभर आत जातो. वर आला की ओल्या अंगानं बार्जवर वाऱ्यात बसायचं; कातडी गार पडते, रक्त मंदावतं, आत गेलेला वायू बाहेर निघायला तयार होत नाही. भरताना सगळं अनुकूल, सोडताना सगळं प्रतिकूल. त्याचा एमआरआय काढला. खांद्याचा गोळा वरच्या बाजूनं मेलेला होता.

कधी दुखायचं, असं विचारल्यावर त्यानं सांगितलेलं मी विसरू शकत नाही. संध्याकाळी खांदा ठणकायचा, अंग मोडून यायचं. पाण्यात परत उतरलं की बरं वाटायचं. त्याच्या सोबतच्यांनाही तसंच वाटायचं, म्हणून कुणाचा खांदा धरला की त्याला सकाळी पहिल्यांदा खाली पाठवत. बरं वाटतं यात खोटं काही नाही. दाब चढला की बुडबुडा चेपतो आणि दुखणं थांबतं. पण त्याच वेळी नवा नायट्रोजन आत जात असतो, आणि वर आल्यावर तो बुडबुडा आणखी मोठा होऊन बसतो.

उथळ पाण्यातल्या आजाराचं हेच कपट आहे. तो अर्धांगवायू होऊन येत नाही, येतो थकवा होऊन. गुडघा दुखतो, कोपर दुखतं, अंगाला खाज सुटते, गळून गेल्यासारखं होतं. सहा तास लोखंड खरवडून आलेल्या माणसाला थकवा आला तर त्यात डॉक्टरला काय सांगायचं? घरची माणसं तेल चोळतात. अमेरिकी नौदलाच्या नोंदींप्रमाणे ९८ टक्के रुग्णांत लक्षणं वर आल्यापासून चोवीस तासांच्या आत दिसतात. तेवढा एक दिवस लक्ष ठेवलं तर बहुतेकांचं वेळेत कळेल.

कळल्यावर करायचं ते फार नाही. माणसाला पाण्यात परत पाठवायचं नाही. आडवं झोपवायचं, पाणी पाजायचं, आणि मुखवट्यातून शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करायचा. तो कुठल्याही चांगल्या रुग्णवाहिकेत असतो. मग दाबकक्ष. सर्वात जास्त वापरला जाणारा उपचार म्हणजे रुग्णाला कक्षात अठरा मीटरच्या दाबाला नेऊन ऑक्सिजन देत देत सावकाश उतरवणं, पावणेपाच तासांचं काम. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, तिथं ही विद्या आहे. मालवणहून रस्त्यानं ते पाचशे किलोमीटर. तेव्हा आपल्या कामाच्या जागेपासून सर्वात जवळचा चालू कक्ष कोणता आणि तिथं फोन कुणी उचलतो, हे मुकादमानं माणूस पाण्यात उतरवण्याआधी विचारून ठेवायचं असतं.

आपल्या खाडीतले डुबी मारून वाळू काढणारे लोक या हिशेबात बसतात का, असं मला चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं. फारसे नाहीत. ते श्वास रोखून उतरतात, म्हणजे छातीत मावेल तेवढाच नायट्रोजन सोबत. असा माणूस खूप खोल, पुन्हा पुन्हा, मधे न विसावता उतरला तरच हा आजार होतो. प्रशांत महासागरातल्या तुआमोटू बेटांवरच्या मोती काढणाऱ्यांत तो दिसला आहे. वाळूवाल्यांचे कान, त्यांच्या पाठी आणि भरतीची ओढ यांची मला जास्त काळजी आहे.

आणि तारकर्ली-मालवणचं स्कुबा? तिथं येणाऱ्या पर्यटकानं खुशाल उतरावं. सहा-आठ मीटर, वीस मिनिटं. नायट्रोजनच्या दृष्टीनं ते काहीच नाही. दमा असेल तर मात्र सांगावं, लपवू नये. माझा डोळा असतो तो त्याचा हात धरून खाली नेणाऱ्या पोरावर. मोसमात त्याचं दिवसभर वर-खाली चाललेलं असतं. एका पर्यटकाला वर सोडलं की दुसरा. वेळ कमी, खोली कमी, पण वर येणं फार वेळा. प्रत्येक वेळी वर आल्यावर जे थोडे बुडबुडे फुप्फुसांत अडकलेले असतात ते पुन्हा खाली गेल्यावर चेपून बारीक होतात आणि पलीकडे निसटू शकतात. टास्मानियातल्या सामन माशांच्या शेतांवर काम करणाऱ्या पाणबुड्यांत याच वर-खालीचा अभ्यास झाला आहे. पाळ्या वाटून घ्याव्यात, एकाच पोरावर दिवस काढू नये. कॉम्प्युटर मनगटावर असेल तर त्याच्या पडद्यावरच्या ९९ या आकड्याचा अर्थ ९९ मिनिटं असा घेऊ नये. बऱ्याच यंत्रांत दोनच आकडे मावतात म्हणून तो तिथं अडकलेला असतो.

शेवटचं, घाटाबद्दल. बुडीनंतर विमानात बसू नये हे आता पुष्कळांना ठाऊक आहे : एकाच बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावं असा डॅन या संस्थेचा सल्ला आहे. तो सल्ला २००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६१० मीटर उंचीपासून लागू होतो, हे मात्र कुणी सांगत नाही. आंबोली जवळजवळ ७०० मीटरवर आहे. दिवसभर पाण्यात काम केलेला माणूस संध्याकाळी मालवणहून गाडी काढतो आणि दोन-अडीच तासांत हवेचा दाब आठ टक्क्यांनी उतरलेल्या जागी पोचतो, पुढे कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायला. पर्यटकाला याचं काही नाही. पण आठवडाभर रोज उतरणाऱ्या मार्गदर्शकानं, जेटीच्या खांबांचं काम करणाऱ्यानं किंवा जहाजं घासून घरी निघालेल्यानं ती रात्र खालीच काढावी आणि घाट दुसऱ्या दिवशी दुपारी चढावा. मालकांनी सुट्टीचा दिवस धरताना हा एक मुक्काम त्यात धरून ठेवावा.